वरकुट्याचं टक्कल

इंदापूर तालुक्यात वरकुट्याच्या शिवारात एका रानाला टक्कल होतं. अगदी माणसाच्या डोक्याला असतं तसं. चहूकडं उंच, काळाभोर ऊस आणि खालच्या अंगाला एक पांढराफटक, चकाकणारा पट्टा. उन्हात त्याच्याकडं बघायचं तर डोळ्यांवर हात धरावा लागे. तिथं मीठ इतकं, की त्या बांधावर चरलेल्या म्हशीच्या ताकात मीठ घालायचं काम नसे. कावळा त्या पट्ट्यावर उतरला की आधी पाटात चोच बुडवायचा आणि मग काव म्हणायचा. ह्यातलं तुम्हाला पटत नसेल ते सोडून द्या. पण त्या टकलापायी मी चांगल्या शिकलेल्या माणसांना थाप मारून एका खटारा जीपमध्ये कोंबलं आणि बारामतीहून पळवून नेलं, हे मात्र खरं आहे. माझी बायको म्हणते, तुमचं निम्मं म्हणजे लोकांचं दीडपट. असू दे. हे पुरतं खरं आहे.

मी कन्हेरीचा. शेतकीची पदवी घेतली आणि बारामतीतल्या एका संशोधन प्रकल्पात समन्वयक म्हणून चिकटलो. समन्वयकानं काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. गाडी चालवता येते का, एवढंच विचारलं. येते म्हणालो.

प्रकल्प होता क्षारपड जमिनीचा. उसाला पाणी पाजून पाजून रानात मीठ वर आलेलं, ते परत खाली कसं घालवायचं, आणि घालवलं तर त्या घराचं काय होतं, हे शोधायचं. असलं कोडं एका शास्त्राला सुटत नाही. म्हणून मातीचे जाणकार असलेले मोठे सर प्रमुख, पाण्याचे एक अभियंता साहेब, लोक काय ठरवतात आणि का ठरवतात हे ऐकणाऱ्या समाजशास्त्राच्या मॅडम, आणि मोठ्या सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी इंदापूरची एक ताई. तिचे वडील शिक्षक, घरात पुस्तकांना भांड्यांपेक्षा जास्त जागा. मला ती काका म्हणायची. मीही वयाकडं न बघता तिला ताईच म्हणायचो.

पहिल्या वर्षी आमच्याकडं एकच जीप होती. उजनी धरण बांधायच्या आधीची असावी. हॉर्न दाबला की वायपर फिरायचे आणि वायपर लावले की दार उघडायचं. मागं दोन बाकडी समोरासमोर. गुडघ्यात गुडघे घालून बसायचं. त्या जीपमध्ये कुणाला कुणापासून काही लपवता येत नसे, सकाळी डब्यात काय दिलंय हेसुद्धा. बारामती सुटली की भांडण सुरू व्हायचं ते वरकुट्याच्या पाटापर्यंत. साहेब म्हणायचे, "पाणी काढलं की मीठ जातंच." ताई म्हणायची, "सगळं मीठ नाही जात, सर, काही मातीला चिकटून बसतं." मॅडम म्हणायच्या, "आणि पाणी काढायचं कुणाच्या रानात, ते कोण ठरवणार?" मी खड्डे चुकवत ऐकायचो. वर्षभरात अशी गंमत झाली की साहेब मातीतल्या मिठाचे प्रकार सांगायला लागले आणि मॅडमना निचऱ्याच्या पाइपाचा उतार कळायला लागला. मला तर तिन्ही शास्त्रं आली. परीक्षा घेतली असती तर मी पहिला आलो असतो. घेतली नाही, त्यांचं नशीब.

मग आमचं बरं झालं. आणि बरं झालं की बिघडतं.

प्रकल्प मोठा झाला. नवी इमारत, काचेची दारं. प्रत्येक शास्त्राचा वेगळा विभाग, प्रत्येक विभागाला वेगळी गाडी, पांढरी, थंडगार. पुण्याहून एक संगणकवाला आला. तो आभाळातून काढलेल्या फोटोंवरून जमीन वाचायचा आणि जमिनीवर फारसा उतरायचा नाही. भिंतीवर एक तक्ता लागला. वर मोठ्या सरांचा चौकोन, त्याखाली विभागांचे चौकोन, त्याखाली आणखी बारके. रेषा सगळ्या वरून खाली. आडवी रेषा एकही नाही. म्हणजे साहेबांना मॅडमशी बोलायचं असेल तर साहेबांनी सरांना सांगायचं आणि सरांनी मॅडमना. मधे काचेची एक भिंत, हात हलवला तर दिसायचा, पण बोलायचं वरून. माझा चौकोन कोपऱ्यात तुटक रेषेनं जोडला होता. तुटक रेषेवर माणसानं किती दिवस लटकायचं?

ताईची गत सगळ्यांत वाईट. ती थेट मोठ्या सरांच्या चौकोनाखाली. लोकांना वाटे, काय नशीब, सरांच्या इतकी जवळ. पण सर म्हणजे बैठकांचा माणूस. आज पुणे, उद्या दिल्ली. त्यांची गाडी त्यांच्यासोबत, म्हणून ताई वरकुट्याला एसटीनं. तिनं सरांशिवाय कुणाशी कामाचं बोलायचं नाही, आणि सर तिला भेटायचे नाहीत.

मला तेव्हापासून बसवेना. जीप मागच्या आवारात उभी, चाकं बसलेली. मी ह्या काचेपासून त्या काचेपर्यंत येरझाऱ्या घालायचो. फोनवर निरोपांचे इतके गट झाले होते की फोन खिशात ठेवला तर मांडीला मुंग्या यायच्या. मी सगळ्या गटांत होतो. ताई एकाच गटात होती, आणि त्यात सकाळच्या शुभेच्छा यायच्या.

आता टकलाचं. वरकुट्याच्या आबांच्या रानात आम्ही निचऱ्याचे पाइप पुरले होते, मातीतलं मीठ सुटावं म्हणून जिप्सम टाकलं होतं, आणि रान सुधारलं होतं. पण खालचा एक पट्टा मुद्दाम तसाच सोडला होता. ना पाइप, ना जिप्सम. गावात त्याला कोरा पट्टा म्हणत, आबा टक्कल म्हणत. तीन हंगाम ताई त्या टकलावर गिरमिट घालून माती काढत होती. दर वेळी ऊसतोडीच्या आदल्या दिवशी. त्याआधी पट्टा कोरडा लागायचा, म्हणजे मीठ वर येतं. ह्या वेळचे नमुने शेवटचे. तिची फेलोशिप हंगामाबरोबर संपणार होती. पट्टा बिघडला तर डॉक्टरेट गेली. पुढचा हंगाम तिला नव्हताच.

आणि नेमकं तोडीच्या तोंडावर दिल्लीहून पाहुणे यायचं ठरलं. परवा पाहुणे, तेरवा ताईचे नमुने, त्यानंतर तोड. बैठकीत मोठे सर घड्याळ बघत उठता उठता म्हणाले, "रान नीट दिसलं पाहिजे." एवढंच. आणि गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी चहाचा कप तोंडाला लावला आणि आबांचा फोन आला.

"काय वो पावणं, तुमच्यात कुणाचा कुणाला मेळ हाय का न्हाय?"

"का आबा? काय झालं?"

"पाणीवालं सायेब म्हनलं, उद्या लाइट आली की पाणी सोडा. त्यो फोटूवाला म्हनला, पांढऱ्यावर उसाचं पाचट टाका, वरनं वंगाळ दिसतंय. मॅडम म्हनल्या, आबा, तुमचं रान हाय, तुमीच ठरवा. मग आमी ठरवलं. गेल्या सालचं जिप्सम पडून हाय, टाकून देतो टकलावर. सकाळी जिप्सम, वरनं पाचट, दुपारच्याला पाणी. समद्यांचं मन राखलं बगा."

कप माझ्या हातात थंड झाला. "आबा, असलं काही करू नका. तो पट्टा कोराच ठेवायचाय."

"आन् पावण्यांम्होरं काय दाखवू? टक्कल? चार गाड्या भरून माणसं येणार, गाव बांधावर उभं ऱ्हाणार. म्हनतील, आबाला रान करता येत न्हाय."

"पण मी सांगतोय ना."

"तुमी सांगताय व्हय. पर मोठ्या सायबांचा शबूद हाय, रान नीट दिसाय पायजे. आता तुमीच सांगा, तुमी मोठं का सायेब मोठं?"

मी तुटक रेषेवरचा माणूस.

मी फोन फिरवत बसलो. सरांचा लागेना. पाण्याचे साहेब म्हणाले, "मला सरांमार्फत कळवा." संगणकवाला म्हणाला, "ग्रुपवर टाका ना." कुठल्या ग्रुपवर, विचारलं, तर म्हणाला, जो योग्य असेल त्या. मॅडम म्हणाल्या, "हे बघा, कुटुंबाच्या निर्णयावर आपला प्रभाव पडता कामा नये. तेच तर मी अभ्यासतेय." सगळी माणसं चांगली. एकही वाईट नाही. वाईट माणूस असता तर निदान शिवी घालता आली असती.

शेवटी ताईला सांगितलं.

मी म्हणालो, "ताई, उद्याच माती काढून घे ना. मी येतो सोबत."

"काका, दर वर्षी तोडीच्या आदल्या दिवशीच घेतलीय. मधेच घेतली तर तुलना कशाशी करू? आणि त्या पट्ट्यात जी चार खुरटी ताटं उगवतात, ती तोडीलाच मोजायची असतात." मग हळूच म्हणाली, "मी आबांना फोन केला तर ऐकतील?"

"मी केला."

"मग राहू दे."

ते 'राहू दे' मला झोपू देईना. तीन हंगाम त्या टकलावर राबलेली, एसटीनं हिंडलेली पोर. मी कूस बदलली की खाट करकरायची, खाट करकरली की बायको म्हणायची, "एकदा काय ती जीप तरी चालवून या." आणि तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी रान बघायला जायचंच होतं, पाहुण्यांच्या आधीची रंगीत तालीम म्हणून. अर्थात वेगवेगळ्या गाड्यांतून. मी उजाडताच जीपची चाकं फुगवली, बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची आणली, आणि काचेच्या दारात उभं राहून ओरडलो, "ट्रेलर उलटलाय! उसाचा! रस्ता बंद! गाड्या जाणार नाहीत, पाटाच्या कडेनं फक्त जीप जाईल!"

एक ट्रेलर उलटला होता हे खरं आहे. तो सुप्याच्या बाजूला उलटला होता. आम्हाला जायचं होतं इंदापूरच्या बाजूला. पण तो कुठं, असं मला कुणी विचारलंच नाही. मोठी माणसं रस्ता विचारत नाहीत.

मोठे सर रात्री उशिरा पुण्याहून परतलेले. ते पुढं, माझ्या डावीकडं. प्रत्येक गिअरला त्यांच्या गुडघ्याला दणका. मागं एका बाकड्यावर साहेब आणि मॅडम, समोर संगणकवाला, आणि हत्यारांच्या पेटीवर ताई. निघायलाच उशीर झाला, कारण सरांना एक फोन आला, मग साहेबांना, मग मॅडमचा चष्मा राहिला. ह्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारची होती. मी सूर्याकडं बघत होतो आणि सूर्य माझ्याकडं बघून घाई करत होता.

बारामती सुटली तरी सगळे गप्प. आपापल्या फोनात. मग रस्ता खराब लागला, फोन हातात ठरेनात. मी आरशात बघत, सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, आबांना पाणी आज दुपारीच सोडायला सांगितलंय ना?"

"हो, लाइट आली की. उद्या पाहुण्यांसमोर पाइपातून धार पडायला नको? कोरडा पाइप काय दाखवायचा त्यांना?"

संगणकवाल्यानं मान वर केली. "पाणी? मी तर आज पाचट टाकायला सांगितलंय. त्या पांढऱ्या पट्ट्यानं माझा सगळा नकाशा बिघडतो. काहीतरी चूक राहिलीय तिथं."

"पाचट?" मॅडम म्हणाल्या. "अहो, त्यांनी जिप्सम टाकायचं ठरवलंय. स्वतःहून! तीन वर्षांत पहिल्यांदा कुटुंबानं आपला निर्णय घेतलाय. मला किती आनंद झाला."

"कुठं टाकणार जिप्सम?" सरांनी पुढून विचारलं.

"त्या टकलावर."

जीपचा सुटा झालेला प्रत्येक नट मला वेगवेगळा ऐकू आला. मग पेटीवरून आवाज आला.

"सर, मी बोलू?"

"अगं, बोल की. विचारतेस काय?"

"दिवाळीपासून वेळ मागतेय, म्हणून विचारलं."

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. मी गिअर टाकला, सरांच्या गुडघ्याला लागला. मुद्दाम नव्हे.

"त्या पट्ट्यावर पाणी गेलं तर वर आलेलं मीठ खाली जाईल," ताई म्हणाली. "जिप्सम पडलं तर पट्टा कोराच राहणार नाही. मग बाकीचं रान सुधारलं ते आपल्यामुळं की चांगल्या पावसामुळं, हे सांगायचं कशावरून? माझं तर संपलंच. पण साहेब, तुमच्या पाइपांनी काम केलं, हे सिद्ध करायलाही तोच पट्टा लागतो."

साहेबांचा चेहरा पडला. "पण नमुन्यांचं काम गेल्या महिन्यात झालं ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुणी काही बोललं नाही, म्हणजे झालं असणार."

"तो पट्टा मुद्दाम ठेवलाय?" संगणकवाल्यानं विचारलं. तो बिचारा जुन्या जीपनंतर आलेला. "मला वाटलं तुम्ही विसरलात."

मग सगळे एकदम बोलायला लागले. जुनं भांडण, जुना आवाज. एवढ्या काळजीतही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सर मात्र खिन्न होऊन म्हणाले, "मी फक्त म्हणालो होतो, रान नीट दिसलं पाहिजे. बांधावरचं गवत काढा, एवढंच माझ्या मनात होतं."

"मग आता आबांना फोन लावा सर," मी म्हणालो. "तुमचाच शब्द चालतो."

फोन काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं उचलला. त्या शेजारणीला हाक मारत असाव्यात अशा आवाजात बोलल्या. "ह्ये रानात गेल्यात, फोन देव्हाऱ्याम्होरं चार्जिंगला हाय. सकाळचं जिप्सम ऱ्हायलंय, मी बी निगालीच की, घमेली घिऊन. या तुमी, च्या ठिवते." आणि फोन बंद.

आता मात्र माझा पाय आपोआप दाबला गेला. पण उसाच्या हंगामात इंदापूर रस्त्यावर पायाचं काही चालत नाही. पुढं ट्रॅक्टर. त्याला दोन ट्रेलर, ट्रेलरवर आभाळाला टेकलेला ऊस, आणि गाणी अशी मोठ्यानं लावलेली की उसातला रस खाली गळत होता. मी हॉर्न दाबला, वायपर फिरले. त्याला ऐकू येईना. डावीकडून घुसायला जावं तर खड्डा, उजवीकडून जावं तर समोरून रिकामे ट्रेलर उड्या मारत येतायत. साहेब घड्याळ बघतायत. सर गुडघा चोळतायत. ताई पेटीवर बसून दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळतेय. आणि आमच्या मॅडम, ज्या कधी आवाज चढवत नसत, त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडल्या, "ए दादा! बाजूला घे की रं! काय सासरी निगालाय का, दमानं दमानं?"

ट्रॅक्टर बाजूला झाला. मॅडम आत बसल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "आजोळ साताऱ्याकडं आहे माझं."

तेवढ्यात रस्त्याकडच्या एका रानात कोरड्या पाइपानं ठसका दिला आणि धार पडायला लागली. पुढच्या रानात पण. लाइट आली होती. आबांच्या मोटरीला ऑटो बसवलेला. लाइट आली की ती आपली आपण चालू. माणूस लागत नाही.

"पाणी पट्ट्यापर्यंत पोचायला किती वेळ?" सरांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "पाट मीच आखलाय. लवकर पोचतं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाचा पश्चात्ताप झालेला मी बघितला.

वरकुट्याच्या त्या शेवटच्या वळणावर जीप दोन चाकांवर होती. काहींचं म्हणणं आहे की एकावर. बांधाशी थांबायच्या आत दार उघडलं, वायपरमुळं, आणि सगळे खाली सांडले.

आबा पट्ट्याच्या वरच्या टोकाला फावडं घेऊन उभे, दारं मोडायच्या बेतात. दारं म्हणजे पाटाच्या वरंब्याला पाडायची वाट. एका फावड्यात उघडतं. काकी जिप्समची घमेली भरून तयार. बांधाला पाचटाची रास. सगळ्यांचं मन राखायची सगळी तयारी. आम्ही पळत सुटलो तेवढ्यात आबांनी फावडं मारलं आणि पाण्याची जीभ पट्ट्याकडं निघाली.

आता पुढचं जे सांगतो ते मी वाढवून सांगत नाही, कमीच करतोय. संगणकवाला, जो जमिनीवर उतरत नसे, तो विहिरीकडं असा सुटला की त्याच्या पायातले बूट मागं राहिले. त्यानं स्टार्टरची पेटी उघडली आणि मोटर बंद केली. कुठलं बटण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी, कुणावर प्रभाव पडू न देणाऱ्या मॅडमनी, काकींच्या हातातलं घमेलं ओढलं. काकी सोडीनात. दोघी घमेल्याभोवती गोल गोल फिरल्या आणि दोघी पांढऱ्या झाल्या. पण मोटर बंद झाली तरी पाटातलं पाणी होतंच, ते येतच होतं. तेव्हा पाण्याचे साहेब, ज्यांनी मोठमोठ्या कालव्यांची गणितं केली, ते इस्त्रीच्या पँटसकट सरळ दाऱ्यात बसले. मांडी घालून. पाणी त्यांच्या पाठीला आपटलं आणि थांबलं.

"माती लावा!" ते ओरडले. "माझ्या दोन्ही अंगांनी माती लावा!"

मोठ्या सरांनी हातानं चिखल उपसला. मी पण. ताई पट्ट्याच्या कडेला गुडघे टेकून बसली होती, पाण्याची जीभ कुठवर आलीय ते बघत. वीतभर कड भिजली होती. त्याच्या खाली सगळं पांढरं, कोरडं, चकाकतं.

"वाचलं," ती म्हणाली. इतक्या हळू, की साहेबांनी विचारलं, "काय म्हणाली? उठू का?"

आबा फावड्यावर रेलून हे सगळं बघत होते. मग म्हणाले, "पाणी सोडा म्हनलं तुमीच. आन् आडवं बसलं बी तुमीच. ही कंची पद्धत म्हनायची?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "आबा, तुमचं बाकीचं रान सुधारलं ना?"

"सुधारलं की. चार गावचं लोक बगून जात्यात."

"ते खरंच सुधारलं, हे दिल्लीच्या माणसांना पटवायचं कशानं? आधी कसं होतं ते त्यांनी कुठं बघितलंय? हे टक्कल आहे, म्हणून बाकीच्याला केस आलेत हे दिसतंय. हे झाकलं की तुमचं रान म्हणजे कुणाचंही रान."

आबांनी टकलाकडं बघितलं. उसाकडं बघितलं. परत टकलाकडं. "मग ह्ये तीन सालात कुणी सांगितलं का न्हाय?"

मॅडम म्हणाल्या, "मी सांगू नका म्हणाले होते." साहेब चिखलातून म्हणाले, "मला वाटलं मातीवाल्यांनी सांगितलं असेल." सर म्हणाले, "मला वाटलं..." आणि थांबले. ताईला तर सरांशिवाय कुणाशी बोलायचंच नाही असं सांगितलेलं होतं.

काकी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आमच्या घरात चार जावा हायती, पर सकाळी कालवण कंचं करायचं ह्ये एकमेकींस्नी इचारत्यात तरी."

परतीला साहेब जीपच्या बाकड्यावर बसले, ते बाकडं पुढं दोन दिवस ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आबांनी रातोरात टकलाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं, कुंपणाच्या तोंडाला नवी दोरी बांधलेली, आणि स्वतः धुतलेल्या टोपीत पहाऱ्यावर. पाहुण्यांतले सगळ्यांत ज्येष्ठ गृहस्थ दोरी ओलांडायला वाकले, तर आबांनी हात आडवा केला.

"आवो सायेब, थांबा. टकलावर पाय न्हाय."

गृहस्थ मराठी समजत नव्हते, पण हात समजला. मग ताईनं पट्टा समजावून सांगितला, आबांनी ऊस दाखवला, आणि त्या गर्दीत जो तो आपापल्या साहेबाकडं बघायच्या ऐवजी खाली, मातीकडं बघत होता. पाइपातून धार पडली नाही. कुणी विचारलंही नाही.

पाहुणे गेले. मला वाटलं, आता जरा निवांत वाटेल. कुठलं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात आलो, तर पांढऱ्या गाड्या धुऊन पुसून ओळीनं उभ्या, भिंतीवर तक्ता जसाच्या तसा, काचेची दारं बंद. ताई गिरमिट आणि कापडी पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत फाटकाशी. आज तिचे नमुने. आजचा दिवस एकदा पार पडला की संपलं. मी उगाच जीपभोवती घिरट्या घातल्या. चाकं लाथाडली. ऑइल बघितलं, होतं. परत बघितलं.

मागं पावलं वाजली. पाण्याचे साहेब होते, जुन्या पँटमध्ये. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, खाकरले, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तो ट्रेलर... अजून उलटलेलाच आहे का?"

त्यांना कळलं होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, देव जाणे. त्यांच्या मागं काचेच्या दारात मॅडम चष्मा पुसत उभ्या होत्या, आणि संगणकवाला बुटांच्या नाड्या आवळत होता.

"उलटलेलाच आहे साहेब," मी म्हणालो. "सुप्याकडं रोज एक उलटतो."

मी हॉर्न दाबला. वायपर फिरले, दार उघडलं. फाटकाशी ताईनं वळून बघितलं आणि गिरमिट खांद्यावर टाकून पळत आली.